बाणांची जुनी पिसे उतरविताना

सन २०२३ च्या ऑगस्ट महिन्यात बर्लिन येथे झालेल्या जागतिक धनुर्विद्या स्पर्धेत कंपाउंड प्रकारातील महिला व पुरुष या दोन्ही गटांची वैयक्तिक विजेतेपदे आदिती स्वामी व ओजस देवतळे यांनी मिळविली. दोघेही साताऱ्यात सराव करणारे. त्यापूर्वी २०२१ साली फलटण तालुक्यातील सरडे गावचे प्रवीण जाधव टोकियो ऑलिंपिकमध्ये उतरले होते. त्यांच्या यशामुळे अनेक मुलांच्या हाती धनुष्य आले. धनुष्य एकदा घेतले की ते बरीच वर्षे पुरते. बाणांचा खर्च मात्र सतत चालू राहतो आणि सामान्य कुटुंबातील खेळाडूला तोच अधिक जड जातो.

वस्तुतः बाणाचा दांडा लवकर निकामी होत नाही. आधी झिजतात ती त्याच्या शेपटीकडील तीन पिसे. लक्ष्यात रुतलेल्या बाणाला दुसरा बाण घासून गेला की पीस फाटते. पिसे बदलली की बाण पुन्हा नव्यासारखा चालतो. परंतु जुने पीस धारदार पात्याने घाईने खरवडले, तर पिसाबरोबर दांडाही गमवावा लागतो. म्हणून हे काम समजून घेणे अगत्याचे आहे.

प्रथम दांडा कशाचा आहे ते पाहावे. ॲल्युमिनियमच्या दांड्यावर बहुधा चार आकडी क्रमांक छापलेला असतो. १७१६ या क्रमांकाचा अर्थ असा की दांड्याचा व्यास इंचाच्या चौसष्टाव्या भागाच्या सतरा पट, आणि भिंतीची जाडी इंचाचा सोळा सहस्रांश, म्हणजे सुमारे ०.४ मिलिमीटर. इतक्या पातळ भिंतीवर पडलेला खोल ओरखडा क्षुल्लक मानता येत नाही. कार्बनच्या दांड्याची गोष्ट याहून नाजूक आहे. त्यातील तंतू मुख्यतः लांबीच्या दिशेने बसविलेले व राळेने बांधलेले असतात. पाते आडवे लागले की तंतू तुटतात. वरून एक बारीक रेघ दिसते. पण दोरी सुटताच दांड्यावर येणाऱ्या ताणाने तेथेच तो फुटू शकतो आणि त्याच्या सुईसारख्या कपच्या धनुष्य धरलेल्या हातात घुसतात.

पिसे कशाने चिकटविली आहेत, हेही पाहावे लागते. ऑलिंपिक प्रकारातील पातळ, वळलेली पिसे बहुधा दुहेरी चिकटपट्टीवर बसविलेली असतात. ती पट्टीसह हळूहळू सोलून निघतात व उरलेला चिकटा आयसोप्रोपिल अल्कोहोलने पुसला जातो. झटपट चिकटणाऱ्या सायनोॲक्रिलेट गोंदाने बसविलेल्या प्लास्टिकच्या पिसांना अधिक वेळ द्यावा लागतो. त्यासाठी बोथट सुरी घ्यावी. तिचे पाते दांड्याला जवळजवळ समांतर धरून पिसाच्या टोकाखाली सरकवावे आणि नेहमी लांबीच्या दिशेनेच पुढे न्यावे. टोक सुटले की पीस पकडीत धरून सावकाश ओढावे. पिसांखाली रंगीत प्लास्टिकचे वेष्टन असेल तर काम सोपे होते. हाताला सोसवेल इतक्या गरम पाण्यात शेपटीचा भाग काही क्षण धरला की वेष्टन मऊ पडून पिसांसह सोलता येते. मात्र आत गेलेले पाणी निथळू द्यावे.

उरलेल्या गोंदावर ॲसिटोन उपयोगी पडते, पण तेथेही तारतम्य हवे. शेपटीची प्लास्टिकची खाच, जिला खेळाडू नॉक म्हणतात, आधी काढून ठेवावी. ॲसिटोनने तिला तडे जातात. फडक्यावर थोडे घेऊन पुसावे. कार्बनचा दांडा त्यात बुडवून ठेवू नये. नखांचा रंग काढण्याच्या काही द्रावणांत तेल मिसळलेले असते. त्याचा थर मागे राहिला तर नवा गोंद धरत नाही. ॲसिटोन चटकन पेट घेते. म्हणून हे काम मोकळ्या हवेत, चुलीपासून दूर करावे. मेणबत्तीवर दांडा तापविण्याची युक्ती सर्वस्वी त्याज्य होय. तिने कार्बनमधील राळ खराब होते आणि ॲल्युमिनियमची ताकद घटते.

इंडियन राउंड या प्रकारात, ३० व ५० मीटर अंतरांवर, बांबूच्या धनुष्याने नेम धरणारी मुले लाकडी बाण वापरतात. लाकडावरील रोगण ॲसिटोनने विरघळते. तेव्हा तेथे ते टाळावे. सरसाने चिकटविलेले पीस वाफेने सैल होते. अन्यथा रेषांच्या दिशेने हलकेच खरवडून बारीक पॉलिश कागद फिरवावा. कार्बनवर मात्र कोरडा पॉलिश कागद चालवू नये; त्याची धूळ नाकातोंडात जाणे बरे नव्हे.

नवी पिसे लावण्यापूर्वी प्रत्येक दांडा तपासावा. कार्बनच्या दांड्यावरून कापसाचा बोळा फिरवावा. तुटलेला तंतू असेल तर कापूस अडकतो. मग हातमोजे घालून, तोंडापासून दूर धरून दांडा किंचित वाकवावा व फिरवीत राहावे. करकर ऐकू आली तर तो मोडूनच टाकावा. नुसता बाजूला ठेवला तर दुसरे कोणी मूल तो उचलून वापरील.

स्पर्धेसाठी एका फेरीतील सर्व बाणांची पिसे एकाच नमुन्याची व रंगाची असावी लागतात आणि दांड्यावर खेळाडूचे नाव वा आद्याक्षरे असावी लागतात. ॲसिटोनने पुसताना ती अक्षरे पुष्कळदा निघून जातात. मैदानावर जाण्यापूर्वी ती पुन्हा लिहावीत.