आजीची ट्रंक : ऐकीव गोष्ट आणि लेखी नोंद



इतिहासाची साधने शिकवताना आपण नाणी, ताम्रपट, किल्ले सांगतो. मुलं पाठ करतात आणि विसरतात. ऐकीव माहिती आणि पुरावा यातला फरक त्यांना घरगुती गोष्टीतून लवकर कळतो. म्हणून ही एक काल्पनिक गोष्ट. चौथी-पाचवीच्या वर्गात वाचून दाखवता येईल.

गोष्ट

एका गावात एक म्हातारी आजी एकटीच राहायची. घराची भिंत खचली, म्हणून मुलगा तिला शहरात न्यायला आला. सोबत नातू होता. तो दुकानात गेला तेव्हा पारावर कुणीतरी कुजबुजलं, "पांढऱ्या पायाची ती. ऐन तारुण्यात नवऱ्याला गिळलं. जेवणातून काय घातलं देव जाणे."

नातवाने घरी येऊन विचारलं, "आजी, आजोबा कशाने गेले?"

आजी म्हणाली, "तुझा बाप पोटात होता. रात्री उलट्या-जुलाब लागले, सकाळी संपलं. लोकांनी मलाच धरलं. सासूबाई माझ्या हातचं पाणी घेईनात."

आवराआवरीत ट्रंकेच्या तळाशी पिवळा पडलेला कागद निघाला. वारस नोंदीसाठी दिराने आणलेली मृत्यूच्या नोंदीची नक्कल. नातवाने वाचलं, "मृत्यूचे कारण : पटकी."

"म्हणजे रे काय?" आजीला वाचता येत नव्हतं.

"कॉलरा, आजी. घाण पाण्यातून होतो."

आजी बराच वेळ गप्प बसली. मग म्हणाली, "भावजींना वाचता येत होतं की."

वर्गात विचारायचे प्रश्न

१. पारावरच्या माणसाने स्वतः काय पाहिलं होतं?
२. आजी जे सांगते ते आणि कागदात लिहिलंय ते, यात काय जुळतं?
३. आजीला वाचता आलं असतं तर काय बदललं असतं?
४. दीर गप्प का राहिला असेल?

चौथ्या प्रश्नाला मुलं लगेच म्हणतील, "जमिनीसाठी!" तिथेच थांबा आणि विचारा, "हे कागदात कुठे लिहिलंय?" कदाचित दिरानेही कागद नीट वाचला नसेल. पुरावा नसताना दिराला दोषी ठरवणं म्हणजे पारावरच्या माणसाचीच चूक पुन्हा करणं. या पाठाचा गाभा हाच आहे.

कागदही शेवटचा शब्द नसतो, हेही सांगा. जुन्या काळी खेड्यात कारण डॉक्टरने तपासून लिहिलेलं असेलच असं नाही. मग पडताळायचं कसं? त्याच आठवड्यात त्याच आळीत आणखी कोणी पटकीने गेलं का, हे पाहायचं.

शिक्षकांसाठी माहिती

गावातील जन्म-मृत्यूच्या जुन्या नोंदी गाव नमुना १४ मध्ये असत. लोक त्याला कोतवाल बुक म्हणतात. जुनी पुस्तकं तहसील कार्यालयाच्या अभिलेख कक्षात मिळू शकतात. त्यातली बरीच मोडी लिपीत आहेत. आता १९६९ च्या कायद्यानुसार मृत्यूची नोंद २१ दिवसांत करायची असते.

'पांढऱ्या पायाची' हा शब्द वर्गात आला की त्यावर बोला. रोगाचा आणि पायाचा संबंध नसतो. कोल्हापूर जिल्ह्यातील हेरवाड ग्रामपंचायतीने मे २०२२ मध्ये विधवा प्रथा बंद करण्याचा ठराव केला, हे मुलांना जरूर सांगा.

उपक्रम

घरच्या मोठ्यांकडून गावाची एक जुनी आठवण ऐकून यायची : १९७२ चा दुष्काळ, शाळेची पहिली इमारत, गावात वीज आली तो दिवस. वहीत तीन रकाने आखायचे : कोणी सांगितलं? त्यांनी स्वतः पाहिलं का? नोंद कुठे सापडेल?

घरातल्या मृत्यूबद्दल विचारून यायला मात्र सांगू नका. आपल्या वर्गातही वडील गमावलेलं एखादं लेकरू असतं. त्याच्या आईबद्दल पारावर काय बोललं जातं, ते त्याने आधीच ऐकलेलं असू शकतं. त्याला या पाठातून एवढंच मिळालं तरी पुरे : लोक म्हणतात म्हणून ते खरं नसतं.