न जन्मलेल्यांचे वकील

फिलिपाइन्स हा आपल्या देशाच्या आग्नेयेस पसरलेला बेटांचा देश होय. सात हजारांहून अधिक असलेली ही बेटे एके काळी घनदाट अरण्यांनी झाकलेली होती. पुढे सरकारने लाकडाच्या कंपन्यांना वृक्षतोडीचे परवाने दिले आणि डोंगर उघडे पडू लागले. अरण्य गेले की पावसाचे पाणी जमिनीत मुरत नाही. माती वाहून जाते, पावसाळ्यात पूर येतात आणि त्याच नद्या उन्हाळ्यात आटतात. झाडांनी साठवलेला कार्बन हवेत मिसळून पृथ्वीचे तापमान वाढते, ते निराळेच.

अंतोनिओ ओपोसा नावाच्या तरुण वकिलांना हे स्वस्थ बसून पाहवेना. १९९० साली त्यांनी सरकारविरुद्ध दावा गुदरला. वादी कोण होते, हे ऐकून तुम्हांला नवल वाटेल. ती होती चाळीसहून अधिक मुले, आणि त्यांत ओपोसांची स्वतःचीही मुले होती! कायद्याच्या भाषेत अठरा वर्षांखालील माणसाला 'अज्ञान' म्हणतात. म्हणून या मुलांच्या वतीने त्यांचे आईबाप न्यायालयात उभे राहिले. पण मुलांचे म्हणणे अज्ञानाचे नव्हते. देशात पंचवीस वर्षांपूर्वी १ कोटी ६० लाख हेक्टर अरण्य होते. १९८७ साली उपग्रहाने घेतलेल्या छायाचित्रांत ते अवघे १२ लाख हेक्टर उरलेले दिसते. असे दाव्यात नमूद केले होते. सर्व परवाने रद्द करावेत, ही मागणी मुलांनी केवळ स्वतःसाठी केली नव्हती. आपण आपल्या पिढीच्या आणि अजून जन्माला न आलेल्या पिढ्यांच्याही वतीने आलो आहोत, असे त्यांनी सांगितले.

जो अजून जन्मलाच नाही, त्याची फिर्याद न्यायालयाने कशी ऐकावी? खालच्या न्यायालयाने १९९१ साली दावा काढून टाकला. तेव्हा ओपोसा सर्वोच्च न्यायालयात गेले. तेथे ३० जुलै १९९३ रोजी निकाल लागला. देशाच्या राज्यघटनेने नागरिकांना समतोल व आरोग्यदायी निसर्गाचा हक्क दिला आहे. प्रत्येक पिढीने तो पुढच्या पिढीसाठी राखून ठेवला पाहिजे. म्हणून मुलांना पुढील पिढ्यांच्या वतीने दावा आणता येईल, असे न्यायमूर्तींनी ठरवले. पृथ्वीवर मानवाचे पाऊल पडले तेव्हापासून हा हक्क मानलेलाच आहे, असेही त्यांनी लिहिले. त्या दिवशी एकही परवाना रद्द झाला नाही, कारण दावा सुनावणीसाठी खालच्या न्यायालयाकडे परत पाठवला गेला. पण बंद दार उघडले होते. हवामानबदलाविरुद्ध न्यायालयात जाणाऱ्या देशोदेशीच्या वकिलांनी पुढे या निकालाचा आधार घेतला.

हुकूम मिळाला तरी तो पाळला जाईलच असे नाही. ओपोसांच्या दुसऱ्या मोठ्या खटल्यात ही अडचण पुढे आली. मनिला शहराच्या काठचा उपसागर सांडपाण्याने नासला होता. तो स्वच्छ करावा म्हणून १९९९ साली दावा लागला, आणि २००८ साली सर्वोच्च न्यायालयाने सरकारच्या अनेक खात्यांना ते काम करण्याचा हुकूम दिला. हुकूम देऊन न्यायालय थांबले नाही. दर तीन महिन्यांनी कामाचा अहवाल सादर करा, असे त्याने बजावले. ही रीत आपल्या देशाची! गंगेच्या प्रदूषणाबद्दल वकील एम. सी. मेहता यांनी चालवलेल्या खटल्याचा त्या निकालात उल्लेख आहे. या दोन्ही वकिलांना रॅमन मॅगसेसे पारितोषिक मिळाले. मेहतांना १९९७ साली आणि ओपोसांना २००९ साली.

ओपोसांनी बांतायान बेटावर समुद्राचे शिक्षण देणारी शाळा काढली होती. नोव्हेंबर २०१३ मध्ये 'हैयान' नावाचे प्रचंड वादळ आले. सहा हजारांहून अधिक माणसे दगावली आणि ती शाळाही उद्ध्वस्त झाली. समुद्र तापला की वादळांचे बळ वाढते, हे शास्त्रज्ञ सांगतच होते.

पुढच्याच वर्षी ओपोसांच्या पुढाकाराने सर्वोच्च न्यायालयात एक नवा अर्ज गेला. मोटारींच्या धुराने हवामान बिघडते. तेव्हा रस्त्याचा अर्धा भाग पायी व सायकलीने जाणाऱ्यांना द्यावा, अशी त्याची मागणी होती. २०१७ साली न्यायालयाने तो अर्ज फेटाळला. अर्जदारांच्या यादीत मोटार नसलेले लोक होते, मोटार असूनही ती नकोशी झालेले लोक होते, आणि याही वेळी भविष्यकाळातील मुले होती.