पाण्याखालील लहान कॅमेऱ्यासाठी बाह्य स्ट्रोबची निवड

मुरगाव बंदरापासून जवळच समुद्रात असलेले ग्रँड आयलंड आणि मालवणचा सिंधुदुर्ग किल्ला या दोन्ही ठिकाणच्या खडकांवर प्रवाळ वाढते. प्रवाळाच्या पेशींत राहणाऱ्या सूक्ष्म शैवालामुळे त्यास तपकिरी वा हिरवट रंग येतो. समुद्राचे पाणी नेहमीपेक्षा अधिक तापले आणि ते बरेच दिवस तसेच राहिले, की हे शैवाल प्रवाळातून बाहेर पडते व प्रवाळ पांढरे दिसू लागते. यास विरंजन म्हणतात. २०२४ साली जगातील अनेक समुद्रांत एकाच काळात असे विरंजन होत असल्याचे शास्त्रज्ञांनी जाहीर केले. जगव्यापी विरंजनाची ती चौथी वेळ होती. कठीण सांगाड्याची प्रवाळे २००१ पासून वन्यजीव संरक्षण कायद्याखाली संरक्षित असल्याने तुकडा तोडून वर आणणे हा मार्ग अभ्यासकास मोकळा नाही. पाण्यात उतरणाऱ्या शिक्षकाने, विद्यार्थ्याने किंवा किनाऱ्यावरील तरुणाने काढलेले छायाचित्र हीच पुष्कळदा नोंद ठरते.

या नोंदीचा सारा भर रंगावर असतो, आणि पाणी प्रथम रंगच हिरावून घेते. सूर्यप्रकाशातील लाल भाग पाण्यात सर्वांत आधी शोषला जातो. पाच मीटर खोलीवर त्याचा अगदी थोडा अंश उरतो, दहा मीटरवर तो जवळजवळ नाहीसा होतो. अशा ठिकाणी दिव्यावाचून घेतलेल्या छायाचित्रात निरोगी तपकिरी प्रवाळ मळकट हिरवे दिसते आणि फिके पडू लागलेले प्रवाळही त्याच निळसर हिरव्या छटेत मिसळून जाते. संगणकावर रंग मागाहून वाढविता येतो हे खरे. परंतु जो रंग भिंगापर्यंत पोहोचलाच नाही तो वाढविणार कसा? म्हणून स्वतःचा पांढरा प्रकाश खाली घेऊन जावा लागतो. लुई बुताँ या फ्रेंच शास्त्रज्ञाने १८९३ च्या सुमारास भूमध्य समुद्रात छायाचित्रे घेतली तेव्हा त्यालाही मॅग्नेशियम जाळून प्रकाश करण्याची खटपट करावी लागली होती. पुढे अमेरिकेतील हॅरॉल्ड एजर्टन यांनी विजेच्या क्षणिक झोताचे तंत्र विकसित केले आणि झाक कूस्तो यांच्यासमवेत ते समुद्रात नेले. आजचा स्ट्रोब हे त्याच तंत्राचे आटोपशीर रूप होय.

लहान कॅमेऱ्यात फ्लॅश असतोच, मग वेगळा स्ट्रोब कशासाठी, हा प्रश्न साहजिक आहे. कौलाच्या फटीतून आलेल्या कवडशात एरवी न दिसणारे धूलिकण कसे चमकतात, हे सर्वांनी पाहिले आहे. मांडवी व जुवारी या नद्या पावसाळ्यात गाळ आणून समुद्रात सोडतात. पावसाळा संपल्यावरही किनाऱ्यालगतचे पाणी पुष्कळ दिवस गढूळ राहते, आणि निवळल्यावरही त्यात सूक्ष्म जीव व कण तरंगत असतातच. कॅमेऱ्यातील फ्लॅश भिंगापासून अवघ्या काही सेंटिमीटरवर असल्यामुळे भिंगासमोरचा प्रत्येक कण तो उजळतो आणि त्या कणांवरचा प्रकाश सरळ भिंगात परत येतो. चित्रावर जणू पिठाची चाळण झटकल्यासारखे पांढरे ठिपके उमटतात. दिवा भिंगापासून हातभर बाजूला नेला, तर भिंगाजवळचे कण अंधारात राहतात व प्रकाश फक्त विषयावर पडतो. बाह्य स्ट्रोबचा खरा लाभ येथे आहे. तो मोठा असण्यापेक्षा दूर असणे महत्त्वाचे, ही गोष्ट खरेदीच्या वेळी बहुधा विसरली जाते.

निवडीचा पहिला निकष कॅमेरा व स्ट्रोब यांच्या जोडणीचा आहे. लहान कॅमेऱ्यांच्या बाबतीत ही जोडणी विजेच्या तारेने न होता प्रकाशवाहक तंतूने होते. कॅमेऱ्याचा आतील फ्लॅश चमकला की तो प्रकाश तंतूवाटे स्ट्रोबच्या डोळ्यापर्यंत जातो आणि स्ट्रोब त्याच क्षणी पेटतो. यात पाणी शिरण्याजोगे छिद्र कोठेच नसते, हा मोठा फायदा. तथापि त्यासाठी कॅमेऱ्याच्या जलरोधक पेटीवर तंतू बसविण्याची जागा असावी लागते. उदाहरणार्थ, ऑलिंपसचा टीजी-६ हा २०१९ चा कॅमेरा पेटीशिवायही १५ मीटरपर्यंत पाण्यात चालतो, परंतु त्याच्या उघड्या अंगावर तंतू अडकविण्याची सोय नाही. ती ४५ मीटरपर्यंत चालणाऱ्या त्याच्या वेगळ्या पेटीवर आहे. पेटीचा खर्च वाचविला की पुढे स्ट्रोब घेऊनही तो पेटविण्याचा भरवशाचा मार्ग राहत नाही. पेटीत घातलेल्या मोबाइलच्या दिव्यावरही भरवसा ठेवता येत नाही, कारण तो फ्लॅशसारखा क्षणिक व तीव्र झोत नसतो. पेटीबरोबर आतील फ्लॅशसमोर बसविण्याचा काळा पडदा मिळत असल्यास तो अवश्य लावावा; नाहीतर तो फ्लॅश स्ट्रोबला पेटवीत असतानाच समोरचे कणही उजळीत राहील.

दुसरी अडचण अधिक फसवी आहे. आजचे बहुतेक लहान कॅमेरे खऱ्या झोताच्या आधी एक छोटा झोत टाकून किती प्रकाश लागेल याचा अंदाज घेतात. साधा, जुन्या बनावटीचा स्ट्रोब त्या पहिल्या झोतालाच पेटतो आणि चित्र प्रत्यक्ष टिपले जाते तेव्हा रिकामा झालेला असतो. डोळ्यांना स्ट्रोब चमकलेला दिसतो, पण चित्र काळे येते. मग दोष कॅमेऱ्याला दिला जातो. पूर्वझोत ओळखून त्याच्या मागोमाग चालणारा, आणि कॅमेरा आपला फ्लॅश थांबवील त्याच क्षणी स्वतःही थांबणारा स्ट्रोब हवा. स्वयंचलित पद्धतीबरोबरच हाताने प्रकाश कमी-अधिक करण्याची कळही त्यावर असावी. पांढऱ्या वाळूवर किंवा विरंजन झालेल्या प्रवाळावर स्वयंचलित मापन चुकू शकते, आणि ज्याची नोंद हवी तेथेच ते चुकले तर स्ट्रोब घेऊन काय साधले? तुलनेसाठी दरमहा एकाच जागेची चित्रे घ्यावयाची असतील, तर हाताने ठरविलेला व टिपून ठेवलेला प्रकाशच उपयोगी पडतो.

प्रकाशाच्या तीव्रतेचा आकडा, ज्यास गाइड नंबर म्हणतात, तो जाहिरातीत ठळक छापलेला असतो. तो बहुधा हवेतील असतो. समजा, आयएसओ १०० ला तो मीटरमध्ये २० आहे. पाण्यात त्याचा सुमारे तिसरा हिस्सा, म्हणजे ७ च्या आसपास, धरून चालावे. या आकड्याला भिंगाच्या छिद्राच्या क्रमांकाने भागले की अंतर मिळते: एफ-४ ला पावणेदोन मीटर आणि एफ-८ ला मीटरभरही नाही. हे ऐकून अधिक शक्तीचा स्ट्रोब घेण्याचा मोह होतो. परंतु गढूळ पाण्यात मीटरभरापलीकडच्या वस्तूचे चांगले चित्र कोणत्याही स्ट्रोबने येत नाही, कारण मधल्या पाण्यातील कण व रंगशोषण दोन्ही अंतराबरोबर वाढतात. अर्ध्या मीटरवरून घेतलेल्या चित्रात स्ट्रोबच्या प्रकाशाला जाऊन-येऊन एकच मीटर पाणी कापावे लागते, आणि म्हणून लाल रंग टिकतो. तेव्हा २० च्या आसपासचा लहान स्ट्रोब या किनाऱ्यावर पुरेसा आहे. उरलेला पैसा चांगल्या आधारपट्टीवर व सांध्यांच्या दांडीवर खर्च करणे शहाणपणाचे. डगमगणाऱ्या दांडीवरचा महाग स्ट्रोब पाण्यात मान टाकतो. स्ट्रोबचे तोंड भिंगाच्या थोडे मागे ठेवून किंचित बाहेर वळवावे, म्हणजे झोताची कडच विषयावर पडते. सोबत मिळणारी दुधी झडप लावल्यास प्रकाश पसरतो व छाया सौम्य होतात.

चलच्चित्रासाठी मिळणारा सततचा दिवा घेतला तर दोन्ही कामे होतील, असाही एक विचार मांडला जातो. त्याचा प्रकाश कोठे पडतो हे आधी दिसते, हे सोयीचे आहे. परंतु स्ट्रोबचा झोत सेकंदाच्या अगदी लहान अंशात संपत असल्याने हेलकावणाऱ्या पाण्यातही चित्र स्पष्ट येते. सततच्या दिव्याला ते साधत नाही. अंधुक पाण्यात भिंगाचा नेम धरण्यासाठी स्ट्रोबला लहानसा मार्गदर्शक दिवा असल्यास उत्तम. समुद्रघोड्यासारख्या जिवावर मात लागोपाठ झोत टाकणे टाळावे. तोही संरक्षित प्राणी आहे आणि दोन-तीन चित्रे नोंदीस पुरतात.

विजेसाठी बहुतेक लहान स्ट्रोबना चार पेन्सिल सेल लागतात. साध्या अल्कलाइन सेलांपेक्षा पुनर्भारित होणारे निकेल-मेटल हायड्राइड सेल वापरावेत. त्यांनी स्ट्रोब दोन झोतांच्या मध्ये लवकर सज्ज होतो. सेलच्या झाकणाखालची रबरी कडी हा साऱ्या यंत्राचा नाजूक भाग. तिच्यावर वाळूचा एक कण किंवा केस राहिला तरी पाणी आत शिरते. तिला उत्पादकाने दिलेलेच ग्रीस लावावे, कारण भलत्या ग्रीसने काही कड्या फुगतात. पाण्यातून वर आल्यावर यंत्र उन्हात वाळू न देता अर्धा तास गोड्या पाण्यात बुडवून ठेवावे आणि कळा त्या पाण्यातच दाबून पाहाव्यात, म्हणजे फटींतील मीठ सुटते.

संस्थेच्या मागणीपत्रात नुसते ‘जलरोधक फ्लॅश’ असे लिहिल्यास सर्वांत स्वस्त वस्तू येईल आणि ती कपाटात राहील. कॅमेऱ्याचे व पेटीचे नेमके नाव, प्रकाशवाहक तंतूची जोडणी, पूर्वझोत ओळखण्याची सोय, हाताने प्रकाश बदलण्याची कळ, आधारपट्टी व दांडी, सुट्या रबरी कड्या यांचा त्यात स्पष्ट उल्लेख असावा. माल ताब्यात घेण्यापूर्वी तो पेटीतील त्याच कॅमेऱ्याला जोडून काळोख्या खोलीत पाचसहा चित्रे घ्यावीत. पूर्वझोताचा दोष असल्यास तेथेच उघड होतो. प्रथम पाण्यात नेताना सेल न घालता स्ट्रोब एकटाच बादलीत बुडवून पाहावा. जूनमध्ये समुद्र बंद झाला की सेल काढून, सिलिका जेलच्या पुड्या घालून, तो घट्ट डब्यात ठेवावा आणि पुड्या ओलावल्या की बदलाव्यात.