विद्यार्थी बांधावर आले, तर त्यांना काय दाखवावे?



आपल्या छत्रपती संभाजीनगर जिल्ह्यात दरवर्षी कृषी महाविद्यालयांचे कृषिदूत येतात, राष्ट्रीय सेवा योजनेची शिबिरे भरतात. हार-नारळ होतो, फोटो निघतो, पोरं परत जातात. गावाचा प्रश्न मात्र जागच्या जागी! म्हणून ‘डिझाईन थिंकिंग’ ही पद्धत आपणही समजून घेऊ. तिचे मर्म सोपे आहे : आधी माणसाची अडचण पाहावी, मग यंत्र काढावे.

२००७ साली अमेरिकेतील स्टॅनफर्ड विद्यापीठाच्या विद्यार्थ्यांना अपुऱ्या दिवसांच्या बाळासाठी स्वस्त काचपेटी करायला सांगितले होते. नेपाळात जाऊन पाहतात तो, शहरातल्या दवाखान्यात पेट्या होत्याच. पण बाळे जन्मत होती दूरच्या, विजेविना खेड्यांत. मग त्यांनी पेटीचा नाद सोडून ऊबदार पिशवी केली. तिच्यातला मेणासारखा पदार्थ एकदा तापवला की काही तास ऊब देतो.

आपल्याकडे मुंबईच्या आय.आय.टी.त १९८५ पासून ग्रामीण तंत्रज्ञानाचे ‘सीटारा’ केंद्र आहे. तिथले विद्यार्थी खेड्यात मुक्काम करून पाणी, शेती अशा प्रश्नांचा अभ्यास करतात. ‘उन्नत महाराष्ट्र अभियाना’तून जिल्ह्याजिल्ह्यातील अभियांत्रिकी महाविद्यालयांनाही या कामाशी जोडले गेले.

आता आपल्या उसाचे बघा. थ्री-फेज लाईट रात्री येते. मोटार आपोआप सुरू व्हावी म्हणून ऑटोस्विच बसवला. पण लाईट येताच साऱ्या मोटारी एकदम सुरू होतात, डी.पी.वर ताण येऊन ती जळते. आणि पाटपाण्याच्या उसाला दारे धरायला माणूस रात्री उठतोच. साप-विंचवाची भीती कायम. म्हणजे खरी अडचण नुसती मोटार चालू करण्याची नव्हती, तर रात्री दारे मोडण्याची होती.

विद्यार्थी आले की एवढे करावे :

१) ‘आम्हाला अमुक यंत्र द्या’ म्हणू नये. रोजचे काम दाखवावे. रात्रीच्या पाण्यालाही बरोबर न्यावे.

२) पाणी धरणारा गडी, खुरपणाऱ्या बाया, ऊसतोड मजूर यांनाही बोलते करावे.

३) प्रश्न एका वाक्यात लिहून घ्यावा. उपाय तीन-चार काढावेत.

४) नमुना साधा, कमी खर्चाचा करावा. आधी दोन सऱ्यांवर वापरून बघावा.

५) चुकले तर तोंडावर सांगावे. भिडेखातर ‘छान आहे’ म्हटल्याने दोघांचेही नुकसान होते.

पोरांकडे शिक्षण आहे, आपल्याकडे अनुभव. दोन्ही एका बांधावर बसले, तरच उपाय निघेल.

— ऊस विकास अधिकारी