शंभराला एक: कार्डाच्या पॉइंटवर प्रवास, पेण-रोह्याच्या हिशेबाने

क्रेडिट कार्डाच्या पॉइंटवर फुकट दुबई, फुकट लाउंज, फुकट हॉटेल असे व्हिडिओ ज्यांच्यासाठी बनतात, त्यांचा महिन्याचा कार्डावरचा खर्च लाखाच्या पुढे असतो. पेणच्या किंवा रोह्याच्या नोकरदार घरात किराणा, वीजबिल, औषधं, मुलांचे कपडे असं सगळं धरून कार्डावर महिना वीस हजार गेले तरी खूप. वर्षाचे झाले दोन लाख चाळीस हजार. साध्या कार्डावर शंभर रुपयांमागे जास्तीत जास्त एक रुपया परत येतो असं धरू. म्हणजे चोवीसशे. त्यातून कार्डाची वार्षिक फी पाचशे आणि तिच्यावरचा १८ टक्के जीएसटी, एकूण ५९० रुपये वजा करा. उरले १,८१०. चौघांना गोव्याला न्यायला हे पुरत नाहीत. वाटेतल्या जेवणाला पुरतील.

तरीही अठराशे रुपये सोडायचे कशाला? फक्त ते खरोखर हातात येतात का, हे तपासूनच कार्ड घ्यावं. दर वेळी लावायचं माप तेच, शंभराला एक. कुठलीही फी, दंड किंवा अधिभार दिसला की त्याला शंभराने गुणायचं. तेवढा खर्च केल्यावर ती रक्कम भरून निघते. ५९० रुपयांची फी म्हणजे ५९ हजारांची खरेदी.

पॉइंट म्हणजे रुपया नव्हे

कार्ड विकायला आलेला मुलगा ‘पाच हजार पॉइंट’ म्हणतो तेव्हा त्याला दोनच प्रश्न विचारा. शंभर रुपयांमागे पॉइंट किती? आणि एक पॉइंट किती पैशांचा? पुष्कळ कार्डांवर पॉइंट पंचवीस पैशांचा असतो. शंभराला एक पॉइंट आणि पॉइंट पंचवीस पैशांचा, तर तुमचा परतावा पाव टक्का झाला. मग तीच ५९० रुपयांची फी भरून काढायला दोन लाख छत्तीस हजार खर्च करावे लागतात. वर मांडलेल्या घराची वर्षाची सगळी कमाई फीतच गेली.

शिवाय एकाच पॉइंटची किंमत ठिकाणानुसार बदलते. बँकेच्या कॅटलॉगमधला मिक्सर घेतला तर ती बहुधा सर्वांत कमी, प्रवासाच्या तिकिटावर वापरला तर जास्त. पॉइंट वठवायचीही फी असते, बऱ्याच कार्डांवर ९९ रुपये अधिक जीएसटी. म्हणून थोडेथोडे पॉइंट काढत बसू नका. मुदत पाहून एकदाच काढा. भाडं, पेट्रोल, वॉलेटमध्ये भरलेले पैसे आणि ईएमआय यांवर बहुतेक कार्डं पॉइंट देतच नाहीत. पंपावर एक टक्का अधिभार लागतो. तो परत मिळाला तरी त्यावरचा जीएसटी तुमच्याच खिशातून जातो. पेट्रोलला साधं यूपीआय बरं.

यूपीआयवरून आठवलं. आपल्याकडच्या बाजारात कार्ड घासायचं यंत्र मोजक्या दुकानांत, पण क्यूआर भाजीवाल्याकडेही असतो. २०२२ पासून रुपे क्रेडिट कार्ड यूपीआय ॲपला जोडता येतं, त्यामुळे पेणला पोहे-पापड घेतानाही पॉइंट मिळू शकतात. अट एक: तो क्यूआर व्यापारी खात्याचा हवा. दुकानदाराने स्वतःच्या बचत खात्याचा क्यूआर चिकटवला असेल तर क्रेडिट कार्ड चालत नाही. हार्डवेअर किंवा सोन्याच्या दुकानात ‘कार्डाला दोन टक्के जास्त’ ऐकू आलं तर कार्ड खिशात ठेवा. एक मिळवायला दोन देण्यात अर्थ नाही.

कार्डाशिवाय मिळणारी सूट आधी घ्या

हे कुठल्याच कार्डवाल्याच्या जाहिरातीत येणार नाही. मार्च २०२३ पासून एसटीत महिलांना तिकिटात निम्मी सवलत आहे. पंचाहत्तरीच्या पुढच्यांना प्रवास मोफत, ६५ ते ७५ वयाला अर्धं तिकीट. रोह्याहून मुंबईला निघालेल्या आईला आणि आजीला एसटीने जी सूट मिळते, तिच्या जवळपासही कुठलं कार्ड जात नाही. सुट्टीत फिरायचं असेल तर एसटीचा ‘आवडेल तेथे प्रवास’ पास चार किंवा सात दिवसांचा मिळतो. कोकण-गोवा करणाऱ्यांनी आधी त्याचा हिशेब मांडावा.

रेल्वेचंही तसंच. दिवा-रोहा गाडीचं अनारक्षित तिकीट ॲपमधल्या आर-वॉलेटमधून काढलं तर तीन टक्के फायदा होतो. म्हणजे कार्डाच्या तिप्पट, आणि पॉइंटची मुदत सांभाळायची कटकट नाही.

आरक्षित तिकिटाला मात्र नीट लक्ष द्या, कारण इथे कार्ड वापरून लोक उलट पैसे घालवतात. आयआरसीटीसीवर एसी तिकिटाला सुविधा शुल्क ३० रुपये अधिक जीएसटी आहे, यूपीआयने भरलं तर २० रुपये अधिक जीएसटी. त्यावर क्रेडिट कार्डाला सुमारे एक टक्का व्यवहार शुल्क वेगळं. समजा तिकीट झालं १,६०० रुपयांचं. कार्डाने सुविधा शुल्कात ११ रुपये ८० पैसे जास्त गेले आणि व्यवहार शुल्कात सोळाएक रुपये. आले किती? सोळा. तोटा साधारण बारा रुपयांचा, तोही पॉइंट कमावल्याच्या आनंदात.

याला अपवाद आयआरसीटीसी आणि एसबीआय कार्ड यांच्या संयुक्त कार्डाचा. त्याच्या प्लॅटिनम प्रकारात आयआरसीटीसीवरच्या एसी तिकिटावर दहा टक्क्यांपर्यंत मूल्य पॉइंटच्या रूपात परत येतं, पॉइंट एक रुपयाचा धरतात आणि ते एक टक्का शुल्क माफ असतं. फी पहिल्या वर्षी पाचशे, पुढे तीनशे, दोन्हींवर जीएसटी. चौघांचं घर वर्षातून दोनदा पनवेलहून लांबच्या गाडीने थर्ड एसीने जात असेल आणि एका खेपेची तिकिटं आठ हजारांची होत असतील, तर सोळाशे पॉइंट येतात, फी जाऊनही हजारभर उरतात. स्लीपरने जाणाऱ्याला हे दहा टक्के मिळत नाहीत. त्याने हे कार्ड घेऊ नये. आणि अशा अटी वर्षाआड बदलतात, तेव्हा अर्जावर सही करायच्या दिवशी बँकेच्या संकेतस्थळावरचं शुल्कपत्रक उघडून पाहाच.

विमान, लाउंज आणि आखात

नवी मुंबईचा विमानतळ २५ डिसेंबर २०२५ पासून सुरू झाल्यावर पेणकरांचं विमान उलव्यात आलं. त्याबरोबर लाउंजवालं कार्ड विकणारेही आले. लाउंजमध्ये फुकट इडली आणि कॉफी मिळते, हे खरं. पण आता बहुतेक कार्डांवर आधीच्या तिमाहीत ठरावीक रक्कम खर्च केलेली असेल तरच दार उघडतं. वर्षातून एकदा उडणाऱ्याने इडलीसाठी हजारोंची फी भरायची, हा हिशेब मला कधी जमला नाही.

ज्यांना खरंच फायदा होतो असा एक वर्ग आपल्याकडे आहे: धाटावच्या औद्योगिक वसाहतीतले विक्री आणि देखभाल विभागातले लोक, जे कंपनीच्या कामासाठी महिन्यातून दोनदा बडोदा-हैदराबाद करतात. तिकीट आणि हॉटेल स्वतःच्या कार्डावर काढायचं, बिल कंपनीकडून वसूल करायचं, पॉइंट आपले. कंपनीच्या नियमात हे बसत असेल आणि बिलाची रक्कम कार्डाच्या मुदतीआधी हातात येत असेल, तर वर्षाअखेर घरच्यांची दोन विमान तिकिटं निघू शकतात. विमान कंपनीच्या मैलांत पॉइंट बदलण्याची सोयही अशांनाच उपयोगी. कंपनीचं लेखाखातं पैसे द्यायला अडीच महिने लावत असेल तर या फंदात पडू नका.

रोहा, म्हसळा, श्रीवर्धन भागातल्या कित्येक घरांतलं कुणी ना कुणी आखातात असतं. त्यांच्याकडे जाताना लक्षात ठेवा: बहुतेक कार्डं परकीय चलनाच्या व्यवहारावर ३.५ टक्के अधिभार लावतात, वर जीएसटी, म्हणजे ४.१३ टक्के. पन्नास हजारांच्या खरेदीवर २,०६५ रुपये गेले आणि पॉइंट आले पाचशेचे. तिथल्या यंत्राने ‘रुपयात भरू की दिरहममध्ये?’ विचारलं तर दिरहमच निवडा. रुपयात भरलं की दुकानदाराकडचा महाग दर लागतो.

हंगाम भाद्रपदात, बिल पुढच्या महिन्यात

पेणमध्ये कार्डाचा सर्वांत मोठा धोका प्रवासात नाही, गणपतीच्या कारखान्यात आहे. माती, रंग, सोनेरी मुलामा यांची खरेदी माघ-फाल्गुनापासून सुरू होते आणि मुख्य पैसा येतो श्रावण-भाद्रपदात. कार्डाची बिनव्याजी मुदत फार तर ४५ ते ५० दिवस. मधले पाच-सहा महिने कार्डाचं व्याज चालू राहतं.

हे व्याज महिन्याला साडेतीन टक्क्यांच्या आसपास, म्हणजे वर्षाला ४२. पन्नास हजारांचे रंग कार्डावर घेतले आणि सहा महिने थकवले तर व्याज १०,५०० आणि त्यावर जीएसटी १,८९०. एकूण १२,३९०, तेही व्याजावरचं व्याज आणि विलंब शुल्क न धरता. हेच पैसे प्रधानमंत्री विश्वकर्मा योजनेतून पाच टक्क्यांनी मिळाले तर सहा महिन्यांचं व्याज होतं साडेबाराशे. सप्टेंबर २०२३ मध्ये सुरू झालेल्या या योजनेच्या अठरा व्यवसायांत मूर्तिकार आणि कुंभार दोन्ही आहेत. पहिलं कर्ज एक लाखापर्यंत, कुटुंबातून एकालाच, आधी छोटं प्रशिक्षण. नोंदणी सामाईक सेवा केंद्रात होते. रंगाच्या खरेदीवरचे पाचशे पॉइंट दाखवणाऱ्या भाच्याला हे आकडे दाखवा.

‘कार्ड घासून रोख’ देणारे एजंट दोन-तीन टक्के कापून पैसे हातात ठेवतात. खोटी खरेदी दाखवण्याचा तो प्रकार कार्डाच्या अटींत बसत नाही, बँकेला कळलं तर कार्ड बंद होतं. एटीएममधून कार्डावर रोख काढली तर पहिल्या दिवसापासून व्याज आणि वर किमान पाचशेच्या घरातलं शुल्क.

पगारदारांनाही एक सापळा आहे, बिलावरची ‘किमान देय रक्कम’. तीस हजारांच्या बिलात ती दीड हजार दिसते आणि जीव भांड्यात पडतो. पण उरलेल्या २८,५०० वर महिन्याचं व्याज आणि जीएसटी मिळून पावणेबाराशे होतात. शंभराला एकच्या मापाने ही एक लाख अठरा हजारांच्या खरेदीची कमाई झाली. शिवाय थकबाकी असेपर्यंत नव्या खरेदीलाही बिनव्याजी मुदत मिळत नाही. व्याज तीस टक्क्यांच्या वर नको, असं राष्ट्रीय ग्राहक आयोगाने २००८ मध्ये म्हटलं होतं. सर्वोच्च न्यायालयाने डिसेंबर २०२४ मध्ये तो निर्णय रद्द केला. त्यामुळे कोर्ट वाचवेल या भरवशावर राहू नये. बँक खात्यातून पूर्ण बिल आपोआप वळतं करण्याची सोय करा. ‘किमान’ नव्हे, ‘पूर्ण’ या पर्यायावर खूण आहे ना, तेवढं पाहा.

पगारपत्रक नसेल तर, आणि नको झालं तर

कारखानदार, दुकानदार, शेतकरी यांना पगारपत्रक नसतं. अशांना बँका मुदत ठेवीवर कार्ड देतात. ठेवीच्या पाऊण ते नव्वद टक्के मर्यादा मिळते, ठेवीचं व्याज चालूच राहतं. २०१० मध्ये पेण अर्बन बँकेवर निर्बंध आल्यावर ज्यांची आयुष्याची पुंजी अडकली, त्या घरांत ‘ठेव’ म्हटलं की अजून अंगावर काटा येतो, आणि तो रास्त आहे. तेव्हा ठेवींचा विमा एक लाखाचा होता. फेब्रुवारी २०२० पासून तो एका बँकेत एका ठेवीदाराला व्याजासह पाच लाखांचा झाला. कार्डासाठीची ठेव त्या मर्यादेत ठेवा, एवढी खबरदारी पुरे.

रिझर्व्ह बँकेचे पहिले भारतीय गव्हर्नर चिंतामणराव देशमुख यांचं बालपण रोह्यात गेलं. त्या बँकेचे २०२२ चे कार्डविषयक नियम तरी आपल्याला ठाऊक असायला हवेत. न मागता कार्ड पाठवून ते सुरू केलं आणि पैसे लावले, तर बँकेने ते मागे घ्यायचे आणि त्यांच्या दुप्पट दंड तुम्हाला द्यायचा. मुदत उलटल्यावर तीन दिवसांपर्यंत विलंब शुल्क लावता येत नाही. तक्रारीवर बँकेने तीस दिवसांत उत्तर दिलं नाही किंवा पटलं नाही, तर रिझर्व्ह बँकेच्या लोकपालाकडे ऑनलाइन तक्रार करा, फुकट होते. चौकशीला १४४४८. जिल्हा ग्राहक आयोग अलिबागला आहे, पण आधी लोकपालाची वाट धरलेली सोपी.

‘तुमचे ९,८५० पॉइंट आज रात्री संपणार’ असा संदेश आणि खाली लिंक आली तर ती उघडू नका, पाठवलेलं ॲप तर मुळीच घेऊ नका. पॉइंट फक्त बँकेच्या ॲपमध्ये जाऊन पाहायचे. पैसे गेलेच तर लगेच १९३० ला फोन आणि बँकेला कळवून कार्ड बंद.

कार्ड नको झालं तर आधी पॉइंट वापरून टाका, बंद केल्यावर ते सहसा बुडतात. मग पूर्ण बाकी भरा, लेखी अर्ज द्या, पोच घ्या. बँकेने कामकाजाच्या सात दिवसांत कार्ड बंद करायचं असतं. त्यापुढे प्रत्येक दिवसाला पाचशे रुपये तिने तुम्हाला द्यायचे, मात्र बाकी शून्य हवी. महिन्याभराने पतअहवाल काढून खातं बंद दिसतंय का पाहा. प्रत्येक पतमाहिती कंपनीकडून तो वर्षातून एकदा मोफत मिळतो.