होडीचे उरलेले इंधन आणि घरातले धोके

पावसाळ्यात जून-जुलैचे दोन महिने यांत्रिक होड्यांना मासेमारी बंद असते. होडी काठावर ओढून ताडपत्री घातली जाते, पण टाकीतले आणि कॅनमधले इंधन कुठे जाते? मोरीत, पडवीत, जिन्याखाली, नाहीतर पलंगाखाली. नारळी पौर्णिमेला होड्या पुन्हा पाण्यात जाऊ लागल्या की हे जुने डिझेल, पेट्रोल वा रॉकेल बाहेर निघते आणि त्याचबरोबर त्यामुळे झालेले आजार आमच्या दवाखान्यात येऊ लागतात. आमच्या नाहूरला २००६ साली रेल्वे स्थानक झाले, उंच इमारती आल्या. तरी पूर्व द्रुतगती महामार्ग ओलांडला की मिठागरे, कांदळवन आणि ठाण्याची खाडी आहेच. म्हणून आज हा विषय घेतला आहे. ज्यांच्याकडे होडी नाही, पण जनरेटर, पाण्याचा पंप किंवा फवारणीयंत्र आहे, त्यांनाही तो तितकाच लागू आहे.

सर्वांत मोठा धोका लहान मुलांना. उरलेले इंधन आपण पाण्याच्या नाहीतर शीतपेयाच्या बाटलीत भरून ठेवतो. दीड-दोन वर्षांच्या मुलाला बाटली म्हणजे पाणी एवढेच कळते. ते एक घोट घेते, ठसकते, खोकते आणि रडू लागते. घरातली मोठी माणसे घाबरून जे पहिले करतात तेच नेमके घातक असते : घशात बोट घालून किंवा मिठाचे पाणी पाजून उलटी काढणे.

असे का, हे समजून घेतले पाहिजे. घोटभर रॉकेल पोटात गेले तर पोटाचे फारसे बिघडत नाही. थोडी मळमळ, जुलाब होऊन ते निघून जाते. पण हे द्रव खाद्यतेलापेक्षा कितीतरी पातळ आणि झटकन पसरणारे असतात. उलटी होताना त्याचे थेंब श्वासनलिकेत शिरले की ते फुप्फुसात दूरवर पसरतात. फुप्फुसातील हवेच्या बारीक पिशव्या उघड्या राहाव्यात म्हणून निसर्गाने आत साबणासारखा एक पातळ थर दिलेला असतो. रॉकेल तो थर धुऊन टाकते, पिशव्या मिटतात आणि तिथे सूज येते. हा रासायनिक न्यूमोनिया होय. त्यासाठी पाव चमचासुद्धा पुरतो. म्हणून उलटी काढू नये. दूध, तूप, तेल पाजू नये. रुग्णालयातही अशा मुलाच्या पोटात नळी घालून पोट धुतले नाही तर 'डॉक्टरांनी काहीच केले नाही' असे नातेवाइकांनी म्हणू नये. न धुणे हाच तिथे उपचार आहे.

मग करावे काय? मुलाचे तोंड ओल्या फडक्याने पुसावे, इंधन सांडलेले कपडे काढून अंग साबणाने धुवावे आणि बाटली बरोबर घेऊन लगेच रुग्णालय गाठावे. वाहन नसेल तर १०८ वर फोन करावा. आपोआप उलटी झालीच तर मुलाला कुशीवर वळवून डोके खाली ठेवावे. मूल हसत-खेळत असले तरी निदान सहा तास देखरेखीखाली असावे, कारण धाप उशिराही लागते. श्वास जलद होणे, कण्हणे, नाकपुड्या फुलणे, बरगड्यांमध्ये खळगे पडणे, ओठ निळसर होणे, गुंगी येणे ही लक्षणे दिसली तर एक मिनिटही दवडू नये. सुरुवातीला काढलेला छातीचा फोटो स्वच्छ आला म्हणून निर्धास्त राहता येत नाही; डाग काही तासांनी उमटतात. पहिल्या दिवशी ताप आला तरी तो बहुतेक वेळा या सुजेचाच असतो, त्यामुळे प्रतिजैविकासाठी डॉक्टरांच्या मागे लागू नये.

मोठ्या माणसांत हाच आजार नळीमुळे होतो. टाकीतले डिझेल काढायला रबरी नळी तोंडात धरून ओढायची, ही खाडीकाठची, तशीच गॅरेजवाल्यांची जुनी रीत. एखादा घोट आत जातो, माणूस थुंकतो आणि कामाला लागतो. दुसऱ्या दिवशी ताप, कोरडा खोकला, एका बाजूला छातीत कळ. तिसऱ्या दिवशी तो दवाखान्यात येतो आणि नळीची गोष्ट सांगतच नाही. मी अशा वेळी कोळी बांधवांना थेट विचारतो, 'अण्णा, डिझेल ओढलंत का?' मग मान हलते. हार्डवेअरच्या दुकानात हाताने दाबायचा प्लॅस्टिकचा पंप मिळतो. तो घ्यावा. आपल्या फुप्फुसांपेक्षा तो नक्कीच स्वस्त आहे.

आता स्वयंपाकघराकडे वळू. उरलेले पेट्रोल रॉकेलच्या स्टोव्हमध्ये 'थोडेसे मिसळून' संपवणे हा शुद्ध आत्मघात आहे. रॉकेल आणि डिझेल यांची वाफ पेट घेण्याजोगी व्हायला साधारण ३५ अंश सेल्सिअस किंवा त्याहून अधिक तापमान लागते. पेट्रोलची वाफ उणे ४० अंशांच्या आसपासही पेट घेते. शिवाय ती हवेपेक्षा जड असल्याने जमिनीलगत सरकत जाते आणि पलीकडच्या खोलीतल्या देवघराच्या निरांजनापर्यंत पोहोचते. रॉकेलमध्ये थोडे पेट्रोल मिसळले तरी त्याचा स्वभाव बदलतो आणि स्टोव्हचा भडका उडतो. जुने डिझेल टाकून चूल पेटवणेही नको. त्या धुराने दमा असलेल्या माणसाची रात्र बसून जाते. आणि डिझेलच्या यंत्रातून निघणारा धूर कर्करोगकारक असल्याचे जागतिक आरोग्य संघटनेच्या कर्करोग संशोधन संस्थेने २०१२ साली जाहीर केले आहे.

काही घरगुती उपयोगही ऐकू येतात. उवांसाठी मुलींच्या केसांना रॉकेल लावणे, सांधेदुखीवर चोळणे, जखमेवर ओतणे. यातले एकही करू नये. कातडीतील स्निग्धांश निघून ती फाटते, फार वेळ राहिल्यास भाजल्यासारखे फोड येतात, आणि केसांना रॉकेल लावलेली मुलगी दिव्याजवळ गेली तर काय होईल हे सांगायला नको. ग्रीसचे हात पेट्रोलने धुणाऱ्यांनीही हे लक्षात घ्यावे. पेट्रोलमध्ये बेन्झीन असते आणि त्याच्या दीर्घ संपर्काचा संबंध रक्ताच्या कर्करोगाशी आहे. डोळ्यात इंधन उडाले तर पंधरा-वीस मिनिटे वाहत्या पाण्याने डोळा धुवावा.

जुने इंधन वापरता येते की नाही, हे काचेच्या स्वच्छ भांड्यात थोडे काढून पाहावे. डिझेल रात्रभर स्थिर ठेवल्यावर तळाशी पाणी किंवा काळपट शेवाळासारखा गाळ दिसला, तर तो भाग वापरू नये; पाणी आणि डिझेल यांच्या सीमेवर जंतू वाढतात आणि तेच गाळणी तुंबवतात. वरचे स्वच्छ डिझेल गाळून, एक भाग जुने आणि तीन-चार भाग नवे असे मिसळून होडीच्याच यंत्रात संपवावे. पेट्रोलचे तसे नाही. हल्ली त्यात इथेनॉल असते, ते हवेतली ओल शोषून घेते आणि पावसाळ्यानंतर तळाशी पाण्याचा वेगळा थर बसतो. असे, किंवा व्हार्निशसारखा आंबूस वास येणारे पेट्रोल यंत्रात घालू नये. ऑइल मिसळलेले पेट्रोल मोटारसायकलमध्येही ओतू नये.

जे वापरता येत नाही ते गटारात, शौचकुपात, विहिरीजवळ किंवा कांदळवनातल्या चिखलात टाकू नये. डासांसाठी डबक्यातही नको. ७ ऑगस्ट २०१० रोजी मुंबई बंदराजवळ 'एमएससी चित्रा' आणि 'खलिजिया-३' या जहाजांची टक्कर होऊन सुमारे ८०० टन तेल समुद्रात गेले, तेव्हा कांदळवने काळी पडली आणि लोकांनी मासळी घेणे सोडले, हे कोळीवाड्यांना आठवत असेल. ठाणे खाडीला २०१५ साली फ्लेमिंगो अभयारण्याचा आणि २०२२ साली रामसर स्थळाचा दर्जा मिळाला. पण माझी चिंता आधी त्या खाडीतली मासळी आपल्या ताटात येते ही आहे. टाकाऊ तेल २०१६ च्या घातक कचरा नियमांखाली येते. प्रदूषण नियंत्रण मंडळाची मान्यता असलेले पुनर्प्रक्रिया करणारे ते घेतात. एकट्याच्या पाच लिटरसाठी कोणी येत नाही, म्हणून मच्छीमार सोसायटीने सर्वांचे एका पिंपात जमवून द्यावे. मात्र पेट्रोल वेगळ्या पिंपात.

तोपर्यंत साठवण घराबाहेर, सावलीत, घट्ट झाकणाच्या धातूच्या डब्यात, त्यावर ठळक नाव लिहून आणि मुलांच्या हाताला न लागेल अशी करावी. कायद्यानेही परवान्याशिवाय ३० लिटरहून जास्त पेट्रोल जवळ ठेवता येत नाही. सांडलेले इंधन पाण्याने धुऊन गटारात लोटण्यापेक्षा त्यावर वाळू किंवा लाकडाचा भुसा टाकावा. रिकामा झालेला कॅन कितीही धुतला तरी पिण्याच्या पाण्यासाठी वापरू नये. रिकामे पिंप कापायला किंवा वेल्डिंगला देताना त्यात पूर्वी काय होते ते कारागिराला आधी सांगावे, कारण भरलेल्या पिंपापेक्षा वाफ राहिलेले रिकामे पिंप लवकर फुटते.