वाळूत जीप नेताना चाकांत हवा किती ठेवावी?

उन्हाळ्यात नदीच्या वाळवंटातील कलिंगडे व खरबुजे काठावर आणण्यास चारही चाकांना गती मिळणारी जीप उपयोगी पडते. परंतु सडकेवरची हवा तशीच ठेवून ती वाळूत घातल्यास चाके रुततात व तोडलेला माल उन्हात पडून राहतो. अशा वेळी इंजिनाच्या जोरावर चाके फिरवीत राहणे म्हणजे स्वतःच खड्डा खणणे होय.

टणक चाक थोड्या जागेवर टेकते व वाळू कापीत खाली जाते. हवा कमी केली म्हणजे टायर पसरतो, विशेषतः लांबीच्या दिशेने, आणि भार अधिक जागेवर वाटला जातो. सडकेवर दर चौरस इंचास ३० ते ३५ पौंड हवा असल्यास वाळूत शिरण्यापूर्वीच ती १८ पौंडांवर आणावी, रुतल्यावर नव्हे. तेवढ्याने न भागल्यास १५ पर्यंत उतरावे. माल भरल्यावर मागील चाकांत दोन-तीन पौंड अधिक ठेवावेत. १२ च्या खाली गेल्यास वळणावर टायर रिमवरून निसटण्याचा धोका असतो. सडकेवरून नुकत्याच आलेल्या तापलेल्या चाकांत दाब थोडा अधिक दिसतो, हेही ध्यानात घ्यावे.

हवा सोडणे सोपे, भरणे कष्टाचे. म्हणून पुष्कळजण तशाच मऊ चाकांनी बाजार गाठू पाहतात. सडकेवर वेगाने धावताना असा टायर तापून फुटू शकतो. गाडीत पंप व दाबमापक नसेल, तर काठावर हवा सोडूच नये. माल बैलगाडीने आणलेला बरा.